टॉय पॉमचं (छोट्या पॉमेरेनियन कुत्र्याचं) पिल्लू घेताय? या चुका टाळा

चार पिल्लं समोर सोडली की तीन एकमेकांचे कान ओढत धावतात आणि चौथं कोपऱ्यात बसून राहतं. तळहातावर मावेल एवढंसं. घरातली मुलं नेमकी त्याच्यावरच जीव टाकतात आणि विकणाराही म्हणतो, "हे एकदम शांत आहे, फ्लॅटसाठी बेस्ट." आठ-नऊ आठवड्यांचं धडधाकट पिल्लू झोपेतून उठलं की शांत बसतच नाही. बुटाची लेस चावतं, पँटला लोंबकळतं. जे बसून राहतं ते बहुतेक वेळा मलूल असतं आणि आपण त्याला गुणी समजतो.

ही चूक मी केली आहे, म्हणून इतक्या कळकळीनं लिहितोय. आमचं पहिलं पॉम "दोन महिन्यांचं" म्हणून पुठ्ठ्याच्या खोक्यातून हातात आलं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन भरलं ३४० ग्रॅम. तिसऱ्या रात्री दोन वाजता ते चटईवर आडवं पडलेलं दिसलं. अंग गार, हिरड्या पांढुरक्या, पाय आपोआप झटके देत होते. आईनं बोटानं हिरड्यांवर मध चोळला, तेव्हा दहा मिनिटांनी त्यानं मान उचलली. सकाळी डॉक्टर म्हणाले, रक्तातली साखर घसरली होती. एवढ्याशा यकृतात साखरेचा साठा तो किती, अंगावर चरबीही नाही, रात्रभराचा उपाससुद्धा अशा पिल्लाला झेपत नाही. दात पाहून त्यांनी वय सांगितलं: जेमतेम पाच आठवडे. सहाव्या दिवशी रक्ताची हगवण लागली, पार्वो या कुत्र्यांच्या जीवघेण्या संसर्गाची टेस्ट पॉझिटिव्ह आली आणि नवव्या दिवशी ते गेलं. पार्वोची लागण झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण चार ते सात दिवस लागतात. आजार बहुधा त्या खोक्याबरोबरच घरी आला होता.

"टीकप", "मायक्रो" ही नावं विकणाऱ्यांनी पाडलेली आहेत, अशी वेगळी जात नाही. कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकन केनेल क्लबच्या मापानुसार मोठ्या झालेल्या पॉमचं वजन ३ ते ७ पौंड, म्हणजे साधारण १.४ ते ३.२ किलो असतं. त्याहून बारीक कुत्रं हवंच असा हट्ट धरला, की कमजोराची कमजोराशीच जोडी लावली जाते, पिल्लांना अर्धपोटी ठेवलं जातं किंवा सरळ वय खोटं सांगितलं जातं. आपल्याकडे २०१७ च्या श्वान प्रजनन नियमांनुसार आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही आणि ब्रीडरची, म्हणजे पिल्लांची पैदास करणाऱ्याची, राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. ते प्रमाणपत्र मागा. टाळाटाळ झाली तर तिथूनच परत फिरा.

आई न पाहता पिल्लू घेऊ नका. "आई गावाला आहे" हे उत्तर मी तीन ठिकाणी ऐकलं. आई समोर असली की पुष्कळ गोष्टी आपोआप कळतात: ती चालताना मध्येच एक पाय उचलून लंगडी घालते का, माणसाला भिते का, केस झडून कातडी काळी पडली आहे का. पॉममध्ये या तक्रारी रक्तातून पुढे येऊ शकतात.

मग पिल्लू हातात घ्या आणि घाई करू नका. हिरड्या गुलाबी हव्यात, बोटानं दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत रंग परत यायला हवा. डोक्यावरून हलकेच बोट फिरवा. टाळू भरली नसेल तर मऊ खळगा लागतो. तेवढ्यानं पिल्लू आजारी ठरत नाही, पण डोकं घुमटासारखं फुगलेलं आणि डोळे बाहेरच्या बाजूला खाली वळलेले असतील तर मेंदूत पाणी साठल्याची शंका घ्यावी. फरशीवर चालवा, मागचा पाय मध्येच उचलून उडी मारत असेल तर गुडघ्याची वाटी सरकत असू शकते. छातीखाली तळहात धरल्यावर मांजर गुरगुरल्यासारखी थरथर लागली तर हृदयाची एक रक्तवाहिनी जन्मानंतर बंद व्हायची ती राहून गेलेली असू शकते. ही शेवटची गोष्ट स्टेथोस्कोपशिवाय नक्की कळत नाही, म्हणून पैसे पूर्ण देण्याआधी आपल्या डॉक्टरांना दाखवण्याची अट घाला.

लसीच्या पुस्तिकेत नुसती तारीख पुरत नाही. बाटलीवरचं स्टिकर आणि डॉक्टरांची सही हवी. दुर्मिळ रंगासाठी जादा पैसे मोजू नका.

निरोगी पिल्लूही घरी येऊन बिघडतं, ते बहुधा खाण्यानं. पहिले दहा दिवस ब्रीडरकडचंच खाणं द्या, नवं हळूहळू मिसळा. गाईचं दूध आणि बिस्किटं नकोत, त्यानं जुलाब होतात. दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं भरवा, एक वेळ झोपण्याआधी. गळ्यात पट्टा बांधून ओढू नका, छातीभोवती बसणारा हार्नेस घ्या. या जातीची श्वासनलिका नाजूक असते आणि बदकासारखा खोकला सुरू झाला तर तो जाता जात नाही.

पिल्लू अडखळायला लागलं, थरथरलं, तर हिरड्यांवर मध चोळा, फडक्यात गुंडाळून उबेत ठेवा आणि लगेच दवाखाना गाठा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी किंवा दूध ओतू नका, ते फुप्फुसात जातं.

आमची आत्ताची पॉम आली तेव्हा ८२० ग्रॅम होती आणि पहिल्याच भेटीत तिनं माझी चपलेची वादी पळवली. महिनाभर मी रोज सकाळी तिला त्याच काट्यावर बसवून वजन वहीत लिहीत होतो. तुम्हीही लिहा. पिल्लाचं वजन रोज थोडं तरी वाढायला हवं. दोन दिवस सलग घटलं तर तिसऱ्या दिवसाची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करा.