संरक्षक भिंत फुगली होती, मागचं पाणी काढलं

घरामागच्या उताराला धरून असलेल्या दगडी भिंतीने मधोमध पोट काढलं होतं. मिस्त्री म्हणाला, बाहेरून टेकू द्या. मला पटेना. भर पावसातही भिंतीच्या भोकांतून थेंब येत नव्हता, म्हणजे पाणी मागेच तुंबलेलं. एक घनमीटर पाणी म्हणजे 1000 किलो, वर भिजलेली माती पकडही सोडते.

उघडीप मिळाल्यावर फुगलेला भाग उतरवला. (भिंत कमरेएवढीच होती, उंच असती तर अभियंत्याशिवाय हात लावला नसता.) मागे निव्वळ चिकणमाती, खडीचा पत्ता नाही! नव्याने रचताना मागे फूटभर खडी भरली आणि खडी-मातीच्या मध्ये जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं) कापड घातलं. ते वगळलं की बारीक माती शिरून सगळं पुन्हा बुजतं. भिंतीत 75 मिलिमीटरचे पाइप बाहेरच्या बाजूला उतार देऊन बसवले. वरच्या अंगाला आडवा चर काढला, छपराचं पाणी बंद पाइपातून खाली नेलं, उघड्या मातीवर वाळा लावला.

पुढच्या पावसात पाइपांतून आधी गढूळ, मग नितळ पाणी आलं. वर उतारावर एक जुनी भेग आहे. तिच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकल्यात, अंतर अधूनमधून मोजतो. वाढलं, तर मिस्त्री नाही, भूतंत्र (माती-उताराचा जाणकार) अभियंताच बोलवणार.