स्टार्टरचे पॉइंट सारखे जळतात? कानस हातात घेण्याआधी या चुका टाळा

मागच्या उन्हाळ्यात एक ऊसवाले शेतकरी पाच एचपीची जळालेली मोटार घेऊन दुकानात आले. तीन महिन्यांतली दुसरी खेप. या वेळी मी त्यांना स्टार्टरही घेऊन यायला सांगितलं होतं. झाकण उघडलं, तर आतले पॉइंट, म्हणजे मोटारीचा करंट जोडणारे-तोडणारे धातूचे तुकडे, आरशासारखे चकचकीत! "दर पंधरा दिवसांनी कानस मारतो, काजळी राहूच देत नाही," ते म्हणाले. मी सरकता कोर (कॉइलचं चुंबक ओढतं तो लोखंडी भाग) बोटाने हळूहळू आत दाबला. तीन फेजपैकी आर आणि वाय फेजचे पॉइंट टेकले, स्प्रिंग दबायला लागली, कोर तळाला गेला, तरी बी फेजचा पॉइंट जेमतेम शिवत होता. घासून घासून त्यावरचं चांदीचं बटण बाकीच्या दोघांपेक्षा पातळ झालं होतं.

मोटार दोन फेजवर चालत राहिली, की उरलेल्या दोन फेजमध्ये करंट साधारण पावणेदोन पट होतो. जास्त करंट झाला की मोटार बंद करणाऱ्या ओव्हरलोड रिलेने ते पकडायला हवं होतं. पण रिले सारखा ट्रिप होतो म्हणून कुणीतरी त्याचा आकडा शेवटपर्यंत फिरवून ठेवला होता. वाइंडिंग दोनदा गेलं ते असं.

अशा किती मोटारी पाहिल्या, त्याची मोजदाद नाही. म्हणून हे जरा सविस्तर लिहितो आहे. जळालेला पॉइंट हा बहुतेक वेळा परिणाम असतो. तो पॉइंट नीट का बसत नव्हता, हे शोधल्याशिवाय त्याला हात लावला की बिघाड वाढतो.

उघडण्याआधी

मेन स्विच बंद करा, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवा आणि टेस्ट लॅम्पने तिन्ही फेज तपासा. पंपाला कपॅसिटर असेल तर तो लाइट गेल्यावरही चार्ज धरून असतो. काही मिनिटं थांबून तो डिस्चार्ज झाल्याची खात्री करा. पोलवरचा एबी स्विच (लाइन तोडायचा मोठा स्विच), डीपी, ट्रान्सफॉर्मरची पेटी यांना लाइनमनशिवाय कुणीही हात लावायचा नाही. तिथली एखादी पट्टी वाकडी बसलेली खालून दिसत असली, तरी काम आपलं फक्त तक्रार नोंदवायचं.

काळं म्हणजे खराब, हा समज

सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. कॉन्टॅक्टरच्या, म्हणजे स्टार्टरमधल्या कॉइलने ओढल्या जाणाऱ्या स्विचच्या, पॉइंटवर चांदीच्या मिश्रधातूचं बटण असतं. चांदी काळी पडते, ठिपक्यांनी खडबडीत होते, पण त्या काळ्या थरातून करंट बऱ्यापैकी जातो. बटण जागेवर जाड आहे, तांबं दिसत नाही, तर त्या काळेपणाकडे दुर्लक्ष करा. कोरड्या सुती कपड्याने धूळ पुसा आणि झाकण लावा.

तांब्याचं तसं नाही. तांब्यावरचा ऑक्साइड करंटला अडवतो. त्यामुळे जुन्या चाकू स्विचच्या (हाताने पाती जबड्यात बसवायचा स्विच) तांब्याच्या पात्या साफ कराव्या लागतात. आपल्या हातांना तीच सवय लागली आणि तीच सवय आपण चांदीवर वापरतो. गोंधळ तिथे आहे.

पॉलिश पेपर तर कानसीपेक्षाही वाईट. त्याचे खरखरीत कण मऊ चांदीत रुतून बसतात आणि ते करंट वाहून नेत नाहीत. शिवाय बटणाला कारखान्यात दिलेला किंचित फुगवटा असतो. हाताने घासल्यावर तो एका बाजूला उतरता होतो आणि मग दोन बटणं मध्यावर न टेकता कडेला टेकतात. एखादा मणी वितळून उभा राहिला असेल आणि रात्रीचं पाणी सोडायचंच असेल, तर फक्त तो मणी बारीक कानशीने उतरवा आणि दुसऱ्या दिवशी पॉइंटचा पूर्ण किट बदला.

चकाकी नव्हे, दाब

दोन सपाट दिसणारे धातू एकमेकांवर ठेवले तरी ते प्रत्यक्षात अगदी मोजक्या, सुईच्या टोकाएवढ्या ठिकाणी टेकलेले असतात. सगळा करंट त्या चिंचोळ्या वाटांमधून जातो. स्प्रिंगचा दाब वाढला की या वाटा रुंदावतात आणि नव्या तयार होतात. म्हणून मोठा, चकचकीत पण ढिला पॉइंट तापतो, आणि लहान, काळा पण दाबून बसलेला पॉइंट थंड राहतो.

हा दाब येतो तो पॉइंट टेकल्यानंतरच्या चालीतून. पॉइंट टेकला, तरी कोर आणखी थोडा पुढे जातो आणि स्प्रिंग दाबतो. आमच्या कामात याला वाइप म्हणतात. बटण घासून पातळ केलं की नेमकी ही चाल कमी होते. तिन्ही फेजमध्ये ती सारखी उरली नाही, तर उशिरा टेकणाऱ्या पॉइंटचा दाब कमी पडतो. चालू होताना मोटार सहा-सात पट करंट ओढते. त्याच क्षणी कमी दाबाचा पॉइंट उसळ्या मारतो आणि प्रत्येक उसळीला ठिणगी पडते.

उष्णतेचा हिशोब करून बघा. पॉइंटमध्ये 50 मिलिओहम रोध आला आणि करंट 10 अँपिअर असला, तर त्या वाटाण्याएवढ्या जागेत 5 वॉट उष्णता तयार होते. शेजारची स्प्रिंग त्या आचेने निळसर पडते. निळी पडलेली स्प्रिंग मेलेली समजा. ती ताणून लांब करून परत बसवणारे पाहिले आहेत, पण गेलेला ताण ताणल्याने परत येत नाही.

एकच पॉइंट बदलणं

"दोन चांगले आहेत, एकच द्या," ही मागणी दुकानात रोज येते. पैसे वाचवायची गरज मला कळते. पण नवा पॉइंट जाड आणि जुने दोन झिजलेले, म्हणजे नवा आधी टेकणार आणि जुने मागे राहणार. तिरकेपणा आपण स्वतःच्या हाताने आत बसवतो. खालचे, वरचे आणि स्प्रिंगा असा पूर्ण किट एकदम बदला, आणि तो त्याच मॉडेलचा घ्या. दिसायला सारख्या पट्टीची उंची जराशी वेगळी असली तरी घोटाळा होतो. पक्कडीने वाकवून ती पट्टी "जुळवून घेणं" हा उपाय नाही. तीच गोष्ट किटकॅट फ्यूजच्या चिमट्यांची. ढिल्या चिमट्यात तारेचा तुकडा किंवा पत्र्याची घडी खोचली की दोनचार दिवस काम भागतं, मग चिनी मातीचा धारकच तडकतो.

पॉइंट सरळ, बोर्ड वाकडा

हे मात्र क्वचितच कुणी बघतं. नवा किट टाकला, तरी महिन्याभरात तोच फेज पुन्हा जळाला, तर स्टार्टरच्या बाहेर बघा.

पावसात फुगलेल्या लाकडी फळीवर चार स्क्रू घट्ट आवळले, की प्लास्टिकचा सांगाडा पिळला जातो आणि आतले तीन फेज एका पातळीत राहत नाहीत. खात्री करायची असेल तर मागचे स्क्रू अर्धा फेरा सैल करा आणि कोर पुन्हा हाताने दाबून बघा. टेकण्याची वेळ बदलली, तर दोष फळीचा. सपाट पत्र्यावर, उभ्या भिंतीवर, ओळंब्यात बसवा. कोर आडवा चालेल की वर-खाली, हे कंपनीने ठरवलेलं असतं. स्टार्टर आडवा किंवा कलता लावला की कोर घासत चालतो.

दुसरं कारण केबल. जाड अॅल्युमिनियमची केबल आधाराविना टर्मिनलला लोंबत असते. तिचं वजन आणि ताठपणा टर्मिनलला खेचतो, आणि टर्मिनलच्या दुसऱ्या टोकालाच तर खालचा पॉइंट आहे. केबलला पेटीच्या तोंडाशी क्लॅम्प लावा. अॅल्युमिनियम स्क्रूखाली हळूहळू दबत जातं आणि जोड ढिला होतो. म्हणून उघडी तार न गुंडाळता लग (तारेच्या टोकाला बसवायचा धातूचा तुकडा) दाबून बसवा. घट्ट करताना टर्मिनलला एका पान्ह्याने धरून दुसऱ्याने आवळा, नाहीतर सगळी पट्टी फिरते.

कुरकुर आली की पॉइंटवर संशय

स्टार्टर घरघरतो, पॉइंट थरथरतात, आणि आपण पॉइंट सरळ करत बसतो. पण थरथरणारा बहुतेक वेळा कोर असतो.

पहिला संशय व्होल्टेजवर घ्या. आयएस/आयईसी 60947-4-1 या मानकाप्रमाणे कॉन्टॅक्टरने कॉइलच्या व्होल्टेजच्या 85 ते 110 टक्क्यांमध्ये नीट ओढलं पाहिजे. 415 व्होल्टच्या कॉइलसाठी खालची मर्यादा होते सुमारे 353. शिवारात सगळ्या मोटारी एकदम सुरू झाल्या आणि मीटरवर 330 दिसत असेल, तर कोर अर्धवट ओढला जातो, वाइप पूर्ण होत नाही आणि पॉइंट चिकटतात. अशा वेळी कोरमध्ये काडी खोचून तो दाबून ठेवणारे लोक आहेत. कृपा करून हे करू नका. काडी असेपर्यंत रिले ट्रिप होऊनही मोटार बंद होत नाही.

दुसरं, कोरच्या तोंडावरचं तांब्याचं कडं. 50 हर्ट्झच्या पुरवठ्यात चुंबकाची ओढ सेकंदाला 100 वेळा शून्याकडे येते. त्या क्षणी कोर धरून ठेवायचं काम हे कडं करतं. ते तडकलं की सारखी घरघर सुरू होते. कडं तपासायला उजेडात भिंग घेऊन बसा, तडा केसासारखा असतो.

तिसरं, पाहुणे. मुंग्या, पाली, कुंभारमाशीचं मातीचं घर. कोरच्या दोन तोंडांमध्ये एक चिरडलेली मुंगी सुद्धा पुरते. केबलची भोकं रबरी ग्लँडने बंद करा. आणि कोरची तोंडं पुसा, घासू नका. कोरच्या तीन पायांपैकी मधल्या पायाशी मुद्दाम ठेवलेली बारीक फट असते. बाजूचे पाय घासून ती फट मिटवली, तर लाइट गेल्यावरही कोर चिकटून राहू शकतो.

ग्रीसबद्दल इथेच सांगतो. चाकू स्विचच्या साफ केलेल्या पात्यांवर पेट्रोलियम जेलीचा पुसट हात ठीक आहे. कॉन्टॅक्टरच्या पॉइंटवर किंवा कोरवर तेल, ग्रीस, स्प्रे काहीही नको. ठिणगीने त्याचा कोळसा होतो आणि धूळ त्यालाच धरते.

मीटर बीप देतो म्हणून ठीक

साध्या मल्टिमीटरची बीप काही ओहमपर्यंतही वाजते. आपला दोष मिलिओहममध्ये आहे. 5 वॉट तापणारा तो पॉइंट सुद्धा खुशाल बीप देईल.

खरी तपासणी दोन टप्प्यांत करतो. लाइट बंद असताना तिन्ही फेजला वेगवेगळा बॅटरीचा दिवा जोडायचा आणि कोर हळूहळू दाबायचा. तिन्ही दिवे एकदम लागले पाहिजेत. चाकू स्विचला पातीवर पातळ कागद आणि कार्बन पेपर ठेवून स्विच लावून काढायचा. ठसा पूर्ण रुंदीवर उमटला तर जबडा सरळ, एका कडेला उमटला तर पाती तिरकी.

दुसरा टप्पा चालू लोडवरचा, आणि तो फक्त सराव असलेल्या वायरमनने, योग्य मीटर आणि हातमोज्यांसह करायचा. प्रत्येक फेजच्या वरच्या आणि खालच्या टर्मिनलमधला मिलिव्होल्ट मोजायचा. समजा 12, 13 आणि 14 आले, तर छान. 12, 13 आणि 70 आले, तर तिसरा फेज मोटार खाण्याच्या वाटेवर आहे.

घरातला एमसीबी आणि कारखान्यातला ब्रेकर

एमसीबी, म्हणजे जास्त करंट झाला की आपोआप पडणारा खटका, रिव्हेट मारून कायमचा सील केलेला असतो. आतला पॉइंट जुळवण्याची सोय नाही आणि गरजही नाही. खटका लुळा पडला किंवा बॉडी पिवळी पडली की बदला. मात्र तापलेल्या एमसीबीत बऱ्याचदा दोष आतला नसतो. तार टर्मिनलच्या पिंजऱ्यात न जाता त्याच्या मागे गेलेली असते, आणि स्क्रू आवळल्यावर घट्ट झाल्यासारखी वाटते. तार ओढून बघा.

साखर कारखान्यात, सूतगिरणीत काम करणाऱ्यांसाठी दोन शब्द. एअर सर्किट ब्रेकरमध्ये ठिणगी झेलणारे पॉइंट आधी टेकतात आणि शेवटी सुटतात. मुख्य पॉइंट मधल्या वेळात काम करतात. ही क्रमवारी बिघडली की ठिणगी मुख्य पॉइंटवर येते. नुसते मुख्य पॉइंट बदलून ते थांबत नाही, आधी क्रम जुळवायला हवा. व्हॅक्यूम ब्रेकरची बाटली (पॉइंट ज्यात असतात ती निर्वात नळी) सीलबंद असते, जुळवायचं ते बाहेरच्या यंत्रणेत. तिथे गॅप, वाइप, तिन्ही फेजची वेळ आणि 100 अँपिअरच्या मायक्रोओहम मीटरने रोध अशी चार मोजमापं घेतात. आयईसी 62271-100 प्रमाणे, वेगळी अट नसेल तर, बंद होताना तिन्ही फेजमधला फरक पाव सायकलच्या, म्हणजे 5 मिलिसेकंदांच्या आत हवा. उघडताना सहावा हिस्सा, सुमारे 3.3 मिलिसेकंद. डोळ्यांनी हे दिसत नाही, टायमिंग किटच लागतो.

त्या ऊसवाल्यांच्या स्टार्टरला पूर्ण किट टाकला, फळीच्या जागी पत्रा लावला, केबलला क्लॅम्प दिला आणि रिले मोटारीच्या पाटीवरच्या करंटला आणून ठेवला. पेटीच्या दाराच्या आत तारीख आणि तिन्ही फेजचे मिलिव्होल्ट पेन्सिलने लिहिले. दिवाळीनंतर पुन्हा मोजले तेव्हा पॉइंट काळे होते आणि तिन्ही आकडे जवळपास तेच.