हरळी दाबायला पुठ्ठा, बारदान आणि पाचट

वळवाचे दोन पाऊस झाले की आमच्या कोल्हापूरच्या कसबा बावड्यातल्या परड्यात आधी हरळी उठते, मग केना, आणि कुंपणाच्या कडेला गाजर गवत. कितीतरी वर्षं मी खुरपं घेऊन या तणांच्या मागं लागले. खुरपलं की आठ दिवसांत परत हिरवंगार. माती उकरली की खाली गाडलेलं बी वर येतं, उजेड मिळाला की रुजतं. म्हणून आता मी उकरतच नाही, झाकते. घरातलंच सामान पुरतं.

सगळ्यात चांगला जाड खाकी पुठ्ठा. फ्रिजचं खोकं मिळालं तर उत्तम, नाहीतर लक्ष्मीपुरीतल्या दुकानांत मागा. पिना काढा. चिकटपट्टी कोरडी निघत नाही, पुठ्ठा भिजवला की सालीसारखी सुटते. चकचकीत छपाईची खोकी नकोत. पुठ्ठा कमी पडला तर वर्तमानपत्र, आठ-दहा पदरी. बारदान तागाचंच घ्या. खताची पांढरी प्लास्टिकची पोती उन्हानं फुटतात आणि त्यांचे तुकडे मातीत कायमचे राहतात.

कापडाचंही तसंच. सुती साडी, धोतर, चादर चालते. मी एकदा न बघता सिंथेटिक साडी अंथरली होती. दीड वर्षानं काढायला गेले तर लिंबाची मुळं तिच्यात गुंतलेली, धागा धागा कात्रीनं कापावा लागला. शंका आली तर एक धागा जाळून बघा. सुताची भुरभुरीत राख होते, सिंथेटिकचा वितळून टणक मणी होतो.

अंथरायची वेळ म्हणजे वळीव पडून गेल्यावर, मृगाच्या आधी. जमीन आतपर्यंत ओली हवी, कोरडीवर पुठ्ठा टाकला तर वाळवी लागते. तण विळ्यानं जमिनीसरसं कापून तिथंच पडू द्या. गाजर गवत मात्र फुलायच्या आधी मुळासकट उपटा, तेही हातमोजे घालून, कातडीला फार त्रास होतो त्याचा. वर बादलीभर शेणकाला शिंपडा.

आता पुठ्ठा. एकावर एक वीतभर चढला पाहिजे, सगळं यश या वीतभरात आहे. पहिल्या वर्षी मी कडेला कड लावली, तर महिन्याभरात प्रत्येक फटीतून हरळीची सरळ रांग उभी राहिली. झाडाच्या बुंध्यापासून चार बोटं जागा सोडा, नाहीतर खोड कुजतं. पुठ्ठा चिंब भिजवा आणि वर चार-पाच इंच पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, पसरा. पाचट उसाची तोड चालू असतानाच गोळा करून ठेवायचं. शेजारच्या मळ्यातले मामा दरवर्षी म्हणतात, "वैनी, लागंल तेवढं न्या, न्हाईतर काडीच लावणार हुतो." इतकं चांगलं खत जळताना बघून जीव तुटतो माझा.

लव्हाळ्याला हा उपाय पुरत नाही. त्याचा सुईसारखा कोंब पुठ्ठाच काय, प्लास्टिकही फोडून येतो. तिथं आधी खणून खालच्या काळ्या गाठी वेचा, आणि तरीही आला तर दिसेल तेव्हा काढत राहा.

आषाढातल्या झडीत पाचटाखाली गोगलगायी जमतात. मी रात्री मिरचीच्या वाफ्याशेजारी ओलं बारदान टाकते. सकाळी उलटलं की सगळ्या खाली चिकटलेल्या, तशाच वेचून मिठाच्या पाण्यात टाकते. रोपं कोवळी असतील तर तेवढे दिवस पाचट हातभर मागं ओढून ठेवा.

दीड महिन्यानं एक कोपरा उचलून बघा. केना पिवळा पडून लोळलेला असतो, हरळीच्या काड्या शेवयांसारख्या पांढऱ्या, आणि पुठ्ठ्याच्या नळ्यांतून गांडुळं फिरत असतात. लगेच परत झाका. दसऱ्यापर्यंत पुठ्ठा बोटानं फाटण्याइतका मऊ होतो. तो काढू नका. पाचट बाजूला सारून पुठ्ठ्याला खुरप्यानं फुली मारा, खड्ड्यात ओंजळभर शेणखत टाका आणि तिथंच वांग्याचं रोप लावा.