मोठा फोल्डर दुसऱ्या संगणकावर: आरसिंक वापरा, पण डिलीटच्या आधी थांबा

मोठा फोल्डर दुसऱ्या संगणकावर पाठवायचा म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला असतो: झिप करा आणि पाठवून द्या. एकदाच पाठवायचा असेल तर हरकत नाही. पण तोच फोल्डर दर आठवड्याला पाठवायचा असेल तर हा सल्ला ऐकू नका. आतली एक फाइल बदलली की आख्खा गठ्ठा नव्याने बांधायचा आणि आख्खाच पुन्हा पाठवायचा, यात वेळही जातो आणि डेटाही.

या कामासाठी आरसिंक आहे, फक्त बदललेला भाग पाठवणारं, कमांडने चालणारं एक साधन. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी ते १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियात तयार केलं. त्यांच्यापुढचा प्रश्न साधा दिसतो, पण होता अवघड: जुनी फाइल एका टोकाला, नवी दुसऱ्या टोकाला, मध्ये संथ लाइन. मग दोन्ही फाइली एकत्र न आणता त्यांच्यातला फरक कसा ओळखायचा? उत्तर असं निघालं. ज्याच्याकडे जुनी फाइल आहे तो तिचे ठरावीक आकाराचे तुकडे पाडतो, प्रत्येक तुकड्याचे दोन चेकसम (त्यातल्या मजकुरावरून काढलेले छोटे ओळख-आकडे) काढतो, एक हलका आणि एक भक्कम, आणि फक्त ते समोर पाठवतो. समोरचा संगणक नव्या फाइलवरून एकेक बाइट सरकत हलका चेकसम जुळतोय का ते पाहतो. जुळला तर भक्कम चेकसमने खात्री करून घेतो. जे तुकडे सापडले त्यांचा नुसता क्रमांक जातो, न सापडलेले बाइट तेवढे प्रत्यक्ष जातात. एकेक बाइट सरकत शोधत असल्यामुळे फाइलच्या सुरुवातीला चार अक्षरं घुसवली तरी पुढचं सगळं ओळखलं जातं. खरी कमाल इथे आहे.

म्हणूनच टार करून (फोल्डर एका फाइलीत बांधून) जीझिपने दाबलेली, म्हणजे आकार लहान केलेली, फाइल आरसिंकला देऊ नका. आत थोडा बदल झाला तरी तिथून पुढचे दाबलेले बाइट वेगळेच निघतात आणि जुळणारा तुकडा सापडत नाही. फोल्डर आहे तसा द्या.

आता कामाला लागू. खालच्या कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना नाव आणि पर्याय इंग्रजी लहान अक्षरांत घ्या, मोठं अक्षर लागेल तिथे सांगितलं आहे.

दोन्ही संगणकांवर आरसिंक हवं आणि एसएसएचने (दुसऱ्या संगणकावर सुरक्षितपणे दुरून शिरण्याच्या पद्धतीने) लॉगिन होत असायला हवं. दुसऱ्या संगणकाचा फोल्डर नेटवर्क ड्राइव्ह म्हणून जोडून त्यावर आरसिंक चालवू नका. तसं केलं की दोन्ही पत्ते त्याला स्वतःच्याच संगणकावरचे वाटतात, तुकडे जुळवण्याचा भाग तो आपोआप बंद करतो आणि बदललेली फाइल पूर्ण पाठवतो.

मूळ कमांड अशी:

आरसिंक -ए स्रोत/ यूजर@सर्व्हर:मुक्काम/

स्रोत म्हणजे पाठवायचा फोल्डर, मुक्काम म्हणजे तो जिथे जायचा ती जागा. -ए सोडू नका. त्याने फाइलींच्या बदलाची वेळही सोबत जाते. पुढच्या वेळी आकार आणि वेळ जुळली की आरसिंक ती फाइल उघडतही नाही. वेळ नेली नाहीत तर दर वेळी सगळ्या फाइली बदलल्यासारख्या दिसतील.

आता स्लॅश आणि डिलीट. मला सर्वांत जास्त याच पायरीने छळलं आहे आणि बहुतेक मार्गदर्शक ती एका ओळीत उरकतात.

स्रोताच्या शेवटी स्लॅश दिलीत तर अर्थ होतो, या फोल्डरच्या आतलं सगळं. स्लॅश नसेल तर, हा फोल्डर स्वतः. म्हणजे ‘फोटो’ लिहिलंत तर मुक्कामाच्या आत फोटो नावाचा फोल्डर तयार होतो. ‘फोटो/’ लिहिलंत तर आतल्या फाइली थेट मुक्कामात पडतात. मुक्कामाच्या शेवटच्या स्लॅशने सहसा असा फरक पडत नाही, घोळ स्रोताच्या बाजूने होतो.

नुसत्या कॉपीत ही चूक म्हणजे थोडा पसारा, नंतर आवरता येतो. पण --डिलीट जोडलंत की जे स्रोतात नाही ते मुक्कामातून काढलं जातं. समजा मुक्कामाच्या ‘बॅकअप’ फोल्डरमध्ये फोटो, कागदपत्रं आणि हिशेब असे तीन फोल्डर आहेत. तुम्ही ‘फोटो/’ हा स्रोत आणि ‘बॅकअप/’ हा मुक्काम देऊन --डिलीट लावलंत. कागदपत्रं गेली, हिशेब गेले, आधीचा फोटो फोल्डरही गेला. आरसिंक विचारणार नाही आणि कचरापेटीतही काही ठेवणार नाही.

दुसरा सापळा याहून वाईट. स्रोत बाहेरच्या डिस्कवर आहे आणि ती डिस्क जोडलीच गेलेली नाही, पण तिच्या जागेचा रिकामा फोल्डर मात्र आहे. आरसिंकला स्रोत रिकामा दिसतो, मग तो मुक्कामही रिकामा करतो. स्रोत वाचताना त्रुटी आली तर आरसिंक पुसणं स्वतःहून थांबवतो, पण रिकामा फोल्डर ही त्याच्या लेखी त्रुटी नाही.

म्हणून --डिलीट असलेली कमांड आधी -एन आणि -आय लावून चालवा:

आरसिंक -ए -एन -आय --डिलीट स्रोत/ यूजर@सर्व्हर:मुक्काम/

-एनमुळे काहीही बदलत नाही, काय झालं असतं ते फक्त दिसतं, आणि -आयमुळे ते एकेका ओळीत दिसतं. *डिलीटिंग ने सुरू होणाऱ्या ओळी एकूण एक वाचा. अपेक्षेबाहेरचं एकही नाव दिसलं तर थांबा आणि स्लॅश तपासा. सगळं बरोबर असेल तर वरच्या बाणाने तीच कमांड परत आणा आणि फक्त -एन खोडा. नव्याने टाइप करू नका, स्लॅश निसटतो तो त्याच वेळी. कमांड रोज आपोआप चालणार असेल तर --मॅक्स-डिलीट देऊन पुसण्याला मर्यादा घाला.

बाकीचं सोपं आहे. लाइन तुटत असेल तर मोठ्या अक्षरातला -पी लावा. अर्धवट आलेली फाइल राहते आणि तीच कमांड पुन्हा दिली की आलेला भाग वापरला जातो. पाठवताना डेटा दाबणारा -झेड सरसकट लावू नका, फोटो आणि व्हिडिओ आधीच दाबलेले असतात. मुक्काम फॅट पद्धतीच्या (फाइली नोंदवण्याची एक जुनी पद्धत) पेनड्राइव्हवर असेल तर --मॉडिफाय-विंडो=१ द्या, कारण तिथे वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यानेच नोंदली जाते. आणि -सी दर वेळी लावा म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. त्याने दोन्हीकडच्या, आकार सारखा असलेल्या फाइली पहिल्या बाइटपासून शेवटपर्यंत वाचल्या जातात. पण सगळं पाठवून झाल्यावर स्रोताची जुनी डिस्क पुसायची असेल, तर त्याआधी एकदा मूळ कमांडला -एन, -आय आणि -सी एकत्र जोडून चालवा, आणि यादीत एकही फाइल आली नाही तरच डिस्क पुसा.