जुन्या बीटलचा गिअरबॉक्स: खोलण्याआधी आणि खोलल्यावर

गिअर सटकतोय किंवा टाकताना करकर होतेय, म्हणून लगेच गिअरबॉक्स खाली घेऊ नका. एअर-कूल्ड (हवेने थंड होणाऱ्या इंजिनाच्या) फोक्सवॅगन बीटलमध्ये तो काढायचा तर आधी इंजिन उतरवावं लागतं, आणि खरा दोष पुष्कळदा बाहेरच असतो.

सुरुवात मागच्या सीटखालून करा. तिथलं छोटं झाकण काढलं की गिअरच्या दांड्याचा जोड दिसतो. त्यातले बुश (जोडातल्या छोट्या अस्तर-कड्या) झिजले असतील तर गिअर नीट बसत नाही. ते बदला. मग क्लच पेडलचा मोकळा प्ले (क्लच लागण्याआधीची पेडलची हालचाल) बघा, तो 10 ते 20 मि.मी. हवा. प्ले जास्त असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही आणि बिचाऱ्या सिंक्रोवर (गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या यंत्रणेवर) आळ येतो. जुन्या गाड्यांत पहिल्या गिअरला सिंक्रो नव्हताच. तिथे गाडी थांबवूनच पहिला टाकायचा, तो बिघाड नव्हे.

आता ऑइल. गाडी थोडी फिरवून आणा, म्हणजे ते पातळ होतं. आधी वरचा, भरायचा प्लग सोडवा आणि मगच खालचा. वरचा अडकला आणि ऑइल मात्र सांडून गेलं, तर गाडी जागेवरच राहील. खालच्या प्लगला चुंबक असेल तर त्यावरचा चिखल दोन बोटांत चोळून बघा. राखाडी, मऊ लगदा म्हणजे नेहमीची झीज. टोचणारा कण लागला तर दात किंवा बेअरिंग गेलंय. ऑइलमध्ये सोनेरी चमक दिसली तर पितळी सिंक्रो रिंग झिजतायत.

खोलायचंच ठरलं तर प्रत्येक शिम (अंतर जुळवणारी पातळ चकती) कुठून निघाली ते तिथल्या तिथे लिहून ठेवा आणि फोटो काढा. गिअरबॉक्सची केस (बाहेरचं कवच) मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची असते. तिचा कीस पेट घेतो, म्हणून घासकाम करताना ज्योत जवळ नको. सिंक्रो रिंग गिअरच्या शंकूसारख्या भागावर दाबून रिंग आणि गिअरमधली फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. नवीन रिंगला ती साधारण 1.1 मि.मी. असते, 0.6 च्या खाली गेली की रिंग बदला. सगळे ऑइल सील आणि पॅकिंग नवेच घाला.

क्राउन आणि पिनियनला (ताकद चाकांकडे वळवणाऱ्या गिअरच्या जोडीला) मात्र घरी हात लावू नका. त्यांचं बसणं मिलिमीटरच्या शंभराव्या भागात ठरतं आणि त्यासाठी खास मोजमापाची साधनं लागतात. त्यातलं बेअरिंग बदलावं लागलं तर हे काम जाणकाराकडेच द्या. शिफ्ट फोर्कची (गिअर सरकवणाऱ्या काट्यांची) सेटिंगही त्याच्याकडूनच करून घ्या, नाहीतर गिअर पुन्हा सटकेल.

भरताना 80डब्ल्यू-90 जाडीचं, जीएल-4 दर्जाचं गिअर ऑइल घ्या. साधारण अडीच लिटर लागतं. घाईने ओतलं तर भोकातून लगेच बाहेर येतं आणि भरल्यासारखं वाटतं. थोडं ओता, काही मिनिटं थांबा, पुन्हा ओता. ऑइल भोकाच्या खालच्या कडेला टेकलं की प्लग लावा, पण जोर करू नका, केसचे आटे मऊ असतात.

पुढे दर वेळी गाडीखाली गेलात की स्विंग ॲक्सलचे (मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांचे) रबरी बूट बघा. चीर पडली की तिथून ऑइल गळतं आणि धूळ आत जाते.