पेट्रोलने नासलेलं भूजल : ऑक्सिजन सोडणारी पावडर किती आणि कशी भरावी

पेट्रोल पंपाची जमिनीखालची टाकी गळली की शेजारच्या बोरच्या पाण्याला वास मारू लागतो. बेन्झिन, टोल्युइन खाणारे जिवाणू मातीत बहुधा असतातच. त्यांना कमी पडतो तो ऑक्सिजन. तो पुरवणारी पावडर म्हणजे कॅल्शियम पेरॉक्साइड : ते भिजलं की हळूहळू ऑक्सिजन सोडतं आणि मागे विरलेला चुना उरतो. ट्रायक्लोरोएथिलीनसारख्या द्रावकांवर मात्र याचा भरवसा धरू नका. औद्योगिक वसाहतीजवळ काम असेल तर आधी क्रोमियम तपासा, कारण पेरॉक्साइडमुळे ते विषारी सहा-संयुजी रूपात जाऊ शकतं. पाण्यावर पेट्रोलचा थर तरंगत असेल तर तो आधी उपसून काढा. त्यावर पावडर घालणं म्हणजे पैसे पाण्यात.

बहुतेकांचं गणित चुकतं ते पावडर किती मागवायची इथे. लॅबचा रिपोर्ट पाण्याचा असतो, पेट्रोल मात्र मातीला चिकटलेलं असतं. समजा दूषित पट्टा १२ मीटर लांब, ८ मीटर रुंद आणि ३ मीटर जाड आहे, म्हणजे २८८ घनमीटर. सच्छिद्रता (मातीतल्या मोकळ्या जागेचा वाटा) ०.३ धरली तर पाणी सुमारे ८६,००० लिटर. लिटरला ८ मिलिग्रॅम असेल तर सगळं मिळून जेमतेम ०.७ किलो. माती मात्र ४९० टन. किलोमागे १० मिलिग्रॅम चिकटलेलं असलं तरी ४.९ किलो होतात. म्हणजे पाण्याच्या सातपट! एक किलो बेन्झिन जिरवायला ३ किलो ऑक्सिजन लागतो, तेव्हा पाणी आणि माती मिळून ५.६ किलोला १७ किलो झाला. विरघळलेलं लोह आणि मातीतला सेंद्रिय अंशही त्यात हात मारतात, म्हणून तिप्पट धरा : ५० किलो. ७५ टक्के शुद्धतेच्या पावडरीतून वजनाच्या १६-१७ टक्के ऑक्सिजन निघतो, त्यामुळे पावडर ३०० किलो लागते. नुसत्या पाण्याच्या रिपोर्टवर हिशोब केला असता तर ४० किलोतच भागलं असं वाटलं असतं.

आता भोकं किती, ते जमिनीवर ठरतं. उदाहरणार्थ बडोद्याची जमीन गाळाची : वाळू, चिकणमाती, मध्येच कंकर (चुनखडीचे कडक खडे). वाळूत ३ मीटर अंतराने ४ बाय ३ अशी १२ भोकं घ्या, प्रत्येकी २५ किलो. चिकणमातीत अंतर दीड-दोन मीटरवर आणा. हाताने फिरवायचा ऑगर (जमिनीत भोक पाडायचं गिरमिट) कंकरावर अडतो, तिथे मशीन लागतं. (इंदूरच्या बेसॉल्टमध्ये पाणी भेगांतून जातं, तिथे ही जाळी मांडून उपयोग नाही.) उन्हाळ्यातल्या आणि पावसाळ्यानंतरच्या पाणीपातळीमधला पट्टाही भरा, पेट्रोल तिथेच माखलेलं असतं. सुरुवात करण्यापूर्वी गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी कळवा.

प्लास्टिकच्या ड्रममध्ये ५८ लिटर पाणी घेऊन २५ किलो पावडर थोडीथोडी घालत ढवळा. पातळ दह्यासारखं झालं की लगेच भरा. उरलेल्या मिश्रणाच्या ड्रमला घट्ट झाकण लावू नका, आतल्या वायूने तो फुटतो. तेलकट चिंध्या आणि लाकडाचा भुसा पावडरीपासून लांब ठेवा, पेट घेतात. गॉगल, हातमोजे, धुळीचा मास्क हवेतच. भरताना खालून वर या, रॉड ओढत, मीटरमागे सुमारे ८ किलो. शेजारच्या भोकातून पांढरं पाणी वर आलं तर दाब जास्त झाला. पंप हळू करा. भोकं बेंटोनाइटने (पाण्यात फुगणाऱ्या मातीने) बंद करा. वापरातल्या बोरमध्ये हे कधीही ओतू नका : चुना बोरच्या गाळणीच्या जाळीत बसला की बोर गेलीच.

देखरेखीला एक विहीर प्रवाहाच्या वर, एक पट्ट्यात आणि दोन खाली हव्यात. विरघळलेला ऑक्सिजन बेलरने (दोरीने सोडायच्या नळकांड्याने) काढलेल्या नमुन्यात मोजू नका. वर खेचतानाच त्यात हवा मिसळते आणि मीटर खोटा ४-५ मिलिग्रॅम दाखवतो. संथ पंप लावून, पाणी हवेला लागू न देता आकडा घ्या. लिटरला २ मिलिग्रॅमच्या वर असेल तर जिवाणूंचं बरं चाललंय. लॅबसाठीची ४० मिलिलिटरची बाटली काठोकाठ भरा, उलटी करून टिचकी मारा. बुडबुडा दिसला तर नमुना पुन्हा घ्या. पीएच ९ च्या वर गेला तर जिवाणू मंदावतात, अशा जागी पुढचा डोस लांबवा.

सहा महिन्यांत बेन्झिन उतरून पावसाळ्यानंतर पुन्हा वर आलं तर माखलेल्या पट्ट्यातून पेट्रोल सुटतंय. दुसरा डोस तिथेच, वरच्या दीड मीटरमध्ये द्या, सगळ्या १२ भोकांत नको. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची बेन्झिनची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. सलग काही तपासण्यांत, पावसाळ्यानंतरची धरून, आकडा त्याच्या खाली आल्याशिवाय बोर पिण्यासाठी उघडू नका.