'कॉम्प्युटर येतो का?' : विद्यार्थ्यांनो, या चुका टाळा

"तुला कॉम्प्युटर येतो का?" या प्रश्नाला विद्यापीठातली मुलं दोनच उत्तरं देतात. "हो, येतो की!" नाहीतर "छे, मला त्यातलं काही कळत नाही." लॅबमध्ये मुलांच्या शेजारी बसून बरीच वर्षं काढल्यावर मला ही दोन्ही उत्तरं सारखीच बिनकामाची वाटतात. ईमेलला फाइल जोडणं वेगळं, प्रबंधाची अनुक्रमणिका आपोआप तयार करणं वेगळं. एक जमतं म्हणून दुसरं जमेलच असं नाही, आणि एक अडलं म्हणून सगळंच अडतं असंही नाही.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ साली मांडलेल्या सिद्धांताचा गाभा हाच: 'हे मला जमेल' हा विश्वास त्या त्या कामापुरता असतो. १९९५ मध्ये कॉम्पो आणि हिगिन्स या संशोधकांनी संगणकाबाबतचा आत्मविश्वास मोजायला दहा प्रश्न तयार केले. शेजारी सांगणारं कोणी नसताना अनोळखी सॉफ्टवेअरवर काम पुरं करता येईल का, असा त्यांचा रोख आहे. स्वतःला हेच विचारा, पण एकेका कामाबद्दल.

फोन सफाईने चालतो म्हणून निर्धास्त राहणं

२००१ मध्ये मार्क प्रेन्स्की या लेखकांनी 'डिजिटल नेटिव्ह' (म्हणजे डिजिटल जगातच जन्मलेले) हा शब्द रूढ केला आणि तरुणांना सगळं जन्मजात येतं असा समज पसरला. पण लॅबमध्ये एकदा एक मुलगी रडवेली होऊन आली होती. ईमेलमधून आलेला अहवाल तिने तिथूनच उघडला, दोन तास दुरुस्त्या केल्या, सेव्ह केला, बंद केला. आता सापडत नव्हता.

"कुठे सेव्ह केलास?"

"वर्डमध्ये."

वर्ड ही फाइल ठेवायची जागा नव्हे, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. फोनवर फाइल कुठे राहते याचा विचार सहसा करावाच लागत नाही, मग सवय लागणार कशी? जोडलेली फाइल आधी आपल्या फोल्डरमध्ये उतरवून घ्या, मग उघडा. हरवलीच, तर वर्डमधली अलीकडच्या फाइलींची यादी बघा. तिथे नसेल तर आजच्या तारखेने शोधा. तिची फाइल एका तात्पुरत्या फोल्डरमध्ये निघाली. दर वेळी निघेलच असं नाही.

माउस दुसऱ्याच्या हातात देणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. अडलं की हुशार मित्र येतो, खुर्ची सरकवतो, भराभर चार क्लिक करतो आणि "झालं!" म्हणून निघून जातो. काम होतं, पण तुम्ही होता तिथेच राहता. वर 'त्याला येतं, मला येत नाही' हे मनात आणखी घट्ट बसतं. बंडुरांच्या मते विश्वासाचा सगळ्यात भक्कम आधार म्हणजे स्वतःच्या हाताने तडीस नेलेलं काम. त्याखालोखाल आपल्यासारख्याच कुणाला ते जमताना पाहणं. म्हणून माउस सोडू नका. मित्राने तोंडाने सांगावं, क्लिक तुम्ही करावं. यात पाचपट वेळ जातो, जाऊ दे. (मदत करणाऱ्यांनो, हात खिशात ठेवा. मलाही हे अजून जड जातं.)

एररचा संदेश न वाचताच बंद करणं

लाल चौकट दिसली की बोट आपोआप 'ओके'वर जातं. थांबा. संदेशाचा फोटो काढा, मग वाचा. पुष्कळदा कारण तिथेच लिहिलेलं असतं: फाइल दुसरीकडे उघडी आहे, परवानगी नाही, जागा संपली. कळलं नाही तर संदेश जसाच्या तसा अवतरणचिन्हांत घालून शोधा. त्यातलं आपल्या फाइलचं नाव तेवढं काढा. उपाय करताना एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर गुण कशाने आला ते कळायचं नाही. आणि प्रयोग नेहमी प्रतीवर करायचे, मूळ फाइलवर नाही.

उत्तर आलं म्हणजे बरोबरच आलं असं धरणं

ही 'येतो की' म्हणणाऱ्यांची चूक. सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी वेगळी केलेली माहिती असलेली साधी फाइल) एक्सेलमध्ये थेट उघडली की ००७१ हा हजेरी क्रमांक मुकाट्याने ७१ होतो. एररही येत नाही. उपाय: 'डेटा' टॅबमधून फाइल आत घ्या आणि तो स्तंभ 'टेक्स्ट' ठरवा. एक्सेल जनुकांच्या नावांच्याही तारखा करून टाकायचं. शेवटी २०२०च्या सुमारास शास्त्रज्ञांनी नावंच बदलली, 'मार्च१'चं 'मार्चएफ१' झालं.

मोठ्यांचंही चुकतं. राइनहार्ट आणि रोगॉफ या अर्थतज्ज्ञांचा सरकारी कर्जावरचा २०१० चा निबंध जगभर गाजला. अमेरिकेतल्या अ‍ॅमहर्स्टच्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याला अभ्यासाचा भाग म्हणून त्यातले आकडे पडताळायचे होते, ते काही जुळेनात. त्याने लेखकांकडून मूळ एक्सेल फाइल मागवली. सरासरीच्या फॉर्म्युल्यातून पाच देश सुटले होते. २०१३ मध्ये हे उघड झालं आणि ही चूक लेखकांनी मान्य केली.

तुमच्या फाइलमध्ये हे तपासायला अर्धा मिनिट लागतो. बेरजेच्या किंवा सरासरीच्या चौकोनावर दोनदा क्लिक करा आणि रंगीत चौकट शेवटच्या ओळीपर्यंत पोचते का बघा.